छत्रीची दिशा बरोबर, तरीही चित्र थांबते: एलएनबी नाभीवर आहे का, हे कसे तपासावे

लक्षणे

घरगुती डिशच्या, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला छत्री म्हणतात तिच्या बाबतीत ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती बहुतेक घरांतून एकाच शब्दांत सांगितली जाते: "काका, सिग्नल दाखवतोय, पण चित्र अडकतंय." सेट-टॉप बॉक्सच्या पडद्यावर 'स्ट्रेंथ'ची पट्टी बऱ्यापैकी भरलेली असते, 'क्वालिटी'ची पट्टी मात्र निम्म्याच्याही खाली असते. आकाश निरभ्र असताना सगळे ठीक चालते आणि चार थेंब पडले की चित्राचे चौकोन होतात. कोणीतरी येऊन छत्री थोडी फिरवून जातो, त्या दिवसापुरती सुधारणा होते आणि वारा सुटला की पुन्हा तेच सुरू होते.

यापुढचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. छत्री डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली असता क्वालिटीचा आकडा चढतो आणि उतरतो, पण त्याचा कळस टोकदार नसून बोथट असतो, आणि त्या कळसावरही आकडा पुरेसा नसतो. उपग्रह सापडलेला आहे, पण छत्रीने गोळा केलेली ऊर्जा एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल घेणाऱ्या डबीच्या, तोंडात पूर्णपणे पडत नाही, असा याचा अर्थ होतो. यासोबत घर बदलले असेल, इमारतीचे रंगकाम झाले असेल, एलएनबी किंवा त्याला धरणारी दांडी बदललेली असेल, किंवा जुन्या छत्रीवर दुसऱ्या कंपनीचा एलएनबी बसवलेला असेल, तर संशय जवळजवळ पक्का समजावा.

काही चॅनल नीट लागतात आणि काही मुळीच लागत नाहीत, हे लक्षण मात्र वेगळे आहे. ते बहुधा केबल, एलएनबीला जाणारे व्होल्टेज किंवा एलएनबी स्वतःभोवती किती फिरवला आहे यांच्याशी निगडित असते. त्याचा उल्लेख पुढे येईल.

दोष कुठे असतो आणि तो ओळखायला कठीण का जातो

छत्रीचा पत्रा पॅराबोलाच्या आकारात दाबलेला असतो. उपग्रहाकडून येणारे समांतर किरण अशा पृष्ठभागावरून परावर्तित होऊन एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र येतात, आणि एलएनबीचे तोंड त्याच बिंदूवर असावे लागते. घरगुती डीटीएचचे प्रसारण साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, त्यामुळे लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर असते. ज्या कामात लहरच अडीच सेंटीमीटरची आहे, तेथे एका सेंटीमीटरची चूक लहान म्हणता येत नाही.

किती लहान नाही, ते पाहू. ६० सेंटीमीटर रुंदीच्या छत्रीची 'नजर' सुमारे ३ अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून दीड अंश बाजूला गेल्यावर मिळणारी शक्ती निम्मी होते. अशा छत्रीत एलएनबी एक सेंटीमीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर ही नजर जवळपास तेवढ्याच, म्हणजे दीड अंशाच्या आसपास, विरुद्ध बाजूला सरकते. उलट, एलएनबी पत्र्याच्या दिशेने एक सेंटीमीटर पुढे किंवा मागे गेला, तर नुकसान बरेच कमी होते. ते जाणवू लागते दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढे.

या दोन चुकांचा स्वभाव वेगळा आहे आणि घोटाळा तेथेच होतो. एलएनबी बाजूला सरकल्याने झालेले नुकसान छत्री थोडी वळवून बरेचसे भरून निघते, त्यामुळे दुरुस्ती झाली असे वाटते. एलएनबी जवळ किंवा दूर बसल्याने झालेले नुकसान छत्री कितीही वळवली तरी भरून निघत नाही. दोन्ही चुका एकत्र असतील, तर दिशा फिरवणारा माणूस एक चूक दुसऱ्या चुकीने झाकत बसतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: एलएनबीची जागा मोजून पक्की होईपर्यंत छत्रीच्या दिशेचे बोल्ट सैल करू नयेत. पाना हातात घेतला की आधी दिशेच्याच बोल्टला लावायची सवय फार पसरलेली आहे आणि निम्मे घोटाळे तीच करते.

खर्च नसलेल्या तपासण्या

प्रथम त्याच इमारतीत तोच डीटीएच वापरणाऱ्या शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्यांच्याकडेही त्याच वेळी चित्र जात असेल, तर दोष आपल्या छत्रीत नाही. मुसळधार पावसात या पट्ट्यातील लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात आणि उत्तम बसवलेली छत्रीसुद्धा काही मिनिटे गप्प होते. जुलैत ठाण्यात हे घडणारच, त्यासाठी कोणाला बोलावू नये.

वर्षातून दोनदा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या स्वतःच्या रेडिओ-गोंगाटात सिग्नल बुडतो. डीडी फ्री डिशचे प्रसारण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. आपल्या भागात त्याच्या बाबतीत ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते. रोज ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जात असेल आणि बाकी दिवसभर व्यवस्थित असेल, तर चार-आठ दिवस वाट पाहणे हाच उपाय आहे.

त्यानंतर आकाश मोकळे आहे का, ते पाहावे. ठाण्याहून ९३.५ अंशांचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला दिसतो आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंच असतो. ८३ अंश पूर्वेवरील उपग्रह सुमारे १५२ अंशांवर आणि त्याहून उंच, ६५ अंशांच्या जवळ असतो. इतक्या उंचीमुळे पारसिकचा किंवा खारघरचा डोंगर आड येत नाही, समोरची इमारत आणि वरच्या मजल्याचा स्लॅब मात्र येतात. ५७ अंशांचा हिशेब असा, की दहा मीटरवरची इमारत छत्रीच्या पातळीपेक्षा जवळजवळ सोळा मीटर उंच असेल, तरच ती मध्ये येईल. घोडबंदर रस्त्यावर जेथे दोन टॉवरमध्ये अंतर कमी आहे, तेथे खालच्या मजल्यांवर हे सहज घडते. बाल्कनीत छत्री आत ओढून बसवली असेल, तर वरचा स्लॅबच तिला झाकतो, आणि उत्तर किंवा पश्चिमेकडे उघडणाऱ्या घरांना तर गच्चीशिवाय पर्याय नाही. सिडकोच्या जुन्या वसाहतींमध्ये झाडे हे आणखी एक कारण आहे. छत्री बसवली तेव्हा गुडघ्याएवढा असलेला बदाम दहा वर्षांत तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो आणि पावसाळ्यातली ओली, दाट पाने सिग्नल चांगलाच खातात.

स्ट्रेंथच्या पट्टीवर विसंबू नये. तीत एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे छत्री रिकाम्या आकाशाकडे असली तरी ती पट्टी काही प्रमाणात भरलेली दिसू शकते. या लेखात पुढे जेथे 'आकडा' म्हटले आहे, तेथे क्वालिटीचा आकडा समजावा.

केबल, कनेक्टर आणि एलएनबीचे तोंड

येथून पुढे हात लावण्याआधी सेट-टॉप बॉक्स भिंतीवरील बटणावरून बंद करावा. बॉक्सकडून केबलमधूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट मिळतात. हा विजेचा धक्का बसण्याएवढा दाब नाही, पण चालू स्थितीत कनेक्टर काढताना मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली, तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो.

एलएनबीकडचा कनेक्टर फिरवून काढावा आणि मधली तांब्याची तार पाहावी. ती चकचकीत तांबूस हवी. हिरवट किंवा काळी पडली असेल, तर पाणी आत गेले आहे. खाडीकडून येणारी खारट, दमट हवा या भागात कनेक्टरचे आयुष्य अर्ध्यावर आणते, विशेषतः ऐरोली, कोपरखैरणे, वाशी आणि ठाण्यात कोलशेतच्या बाजूला. काळवंडलेला तुकडा कापून नवीन कनेक्टर लावावा आणि केबल एलएनबीपाशी येण्याआधी तिला खालच्या बाजूने एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या वळशातून गळून जाते. आरजी-६ केबलचे बाहेरचे वेष्टण उन्हाने तडकले असेल, तर जाळीतून पाणी खालपर्यंत झिरपते आणि अशी केबल बदलणेच बरे.

मग एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी पाहावी. ऊन खाऊन तिला केसासारखी चीर पडते, आत पाण्याचे थेंब साचतात आणि पाऊस थांबल्यावरही दुपारपर्यंत चित्र येत नाही. कधी आत गांधीलमाशीचे मातीचे घरटे असते, कधी बाहेर कबुतरांच्या विष्ठेचा थर असतो. ओल्या कापडाने पुसून पाहावे, टोकदार वस्तूने खरवडू नये. चीर असेल, तर एलएनबी बदलावा. टोपीवर चिकटपट्टी लावून काम भागत नाही, कारण पट्टीखाली ओल धरून राहते.

दांडी आणि पकड

इथपर्यंत दोष सापडला नाही, तर नाभीकडे वळावे. पहिले निरीक्षण केवळ डोळ्यांनी करायचे आहे. दांडीच्या मुळाशी असलेले बोल्ट, एलएनबीला धरणारी पकड आणि पत्रा यांच्यावरचा रंग, गंज आणि धूळ एकाच वयाची दिसते का, ते पाहावे. दांडीवर जुन्या पकडीची उजळ खूण असेल आणि आताची पकड तिच्यापासून बोटभर सरकलेली असेल, तर बरेचसे उत्तर तेथेच मिळते.

रंगकामाच्या वेळी काय होते, ते जवळून पाहण्यासारखे असते. परांची बांधणारे कामगार मध्ये येणाऱ्या छत्र्या काढून गच्चीवर टाकीच्या आडोशाला एकावर एक रचून ठेवतात. दांड्या वेगळ्या, पत्रे वेगळे, नट-बोल्ट एका रंगाच्या रिकाम्या डब्यात. काम संपल्यावर प्रत्येक खिडकीला एक पत्रा आणि एक दांडी परत मिळते, पण ती तिचीच असतील याची खात्री नसते. कोपरखैरणेच्या एका इमारतीत दोन मजल्यांवरच्या छत्र्यांच्या दांड्यांची अशी अदलाबदल झाली होती. दोन्ही पत्रे जवळपास सारखेच दिसत होते, एक दांडी मात्र दुसरीपेक्षा चार बोटे लांब होती. दोन्ही घरांत चित्र येत होते आणि दोन्ही घरांत पाऊस आला की जात होते.

पत्रा, दांडी आणि पकड हा एक संच आहे. दांडीची लांबी आणि तिचा कोन त्या विशिष्ट पत्र्याच्या वक्रतेवरून ठरवलेला असतो. ६० सेंटीमीटरची कोणतीही दांडी ६० सेंटीमीटरच्या कोणत्याही पत्र्याला चालते, ही समजूत चुकीची आहे. पत्रा किती खोल आहे, यावर नाभी किती दूर पडेल हे अवलंबून असते.

येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. एकाच छत्रीवर दोन एलएनबी बसवून दोन उपग्रह पाहणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. तशा मांडणीत एक एलएनबी मुद्दाम नाभीच्या बाजूला ठेवलेला असतो. तो 'सरळ' करायला जाऊ नये.

दोऱ्याची तपासणी

आता एक पक्का दोरा आणि मीटरटेप घ्यावा. दोरा न ताणणारा हवा, लोकर किंवा रबरी दोरी चालणार नाही. पत्र्याच्या कडेवर चार बिंदू खुणावावेत: सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, आणि उंचीच्या बरोबर मध्यावरचे डावा व उजवा. या प्रत्येक बिंदूपासून एलएनबीच्या टोपीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. नाभी टोपीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित आत असते, पण तपासणीसाठी टोपीचा मध्य पुरेसा आहे.

दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक, डावे आणि उजवे अंतर समान असावे. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे: हे बाजूचे अंतर वरच्या आणि खालच्या अंतरांच्या बेरजेच्या निम्मे असावे. यामागचे कारण साधे आहे. पॅराबोलावरील कोणत्याही बिंदूचे नाभीपासूनचे अंतर त्या बिंदूच्या अक्षाच्या, म्हणजे येणाऱ्या किरणांच्या, दिशेतील 'उंची'बरोबर एकास एक वाढते. पत्र्याची कड एका सपाट पातळीत असते, त्यामुळे बाजूच्या बिंदूंची ही उंची वरच्या आणि खालच्या बिंदूंच्या बरोबर मधोमध पडते, आणि म्हणून अंतरही मधोमध पडते. या तपासणीला छत्रीचा आकार, कंपनी, कागदपत्र यांपैकी काहीही लागत नाही.

डावे आणि उजवे अंतर एका सेंटीमीटरहून अधिक वेगळे असेल, तर दांडी बाजूला वाकली आहे किंवा पकड तिरपी बसली आहे. कबुतरे दांडीवर ओळीने बसतात, तेवढ्याने लोखंडी दांडी वाकत नाही; ती वाकते परांचीचा बांबू आपटला की, किंवा खिडकीतून कपडे वाळत घालताना कोणी तिचा आधार घेतला की. बाजूचे अंतर बेरजेच्या निम्म्यापेक्षा वेगळे आले, तर एलएनबी वर-खाली किंवा जवळ-दूर चुकलेला आहे. मात्र ही अट जुळली म्हणजे एलएनबी नाभीवर आहेच, असे सिद्ध होत नाही. नाभीवर नसलेल्या काही जागाही ही अट पाळतात. खात्रीसाठी पुढचा हिशेब करावा लागतो.

नाभीचा हिशेब

घरगुती छत्री सहसा गोल नसते, रुंदीपेक्षा थोडी उंच असते, आणि एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूने आलेल्या दांडीवर असतो. नवख्या माणसाला तो भलत्याच जागी वाटतो, पण तो तसाच असायला हवा. अशी छत्री मोठ्या पॅराबोलाचा कडेचा तुकडा असते, त्यामुळे एलएनबीची सावली तिच्या कामात अडथळा आणत नाही.

तीन मापे घ्यावीत. पत्र्याची रुंदी, उंची, आणि सर्वांत जास्त खोली. खोलीसाठी पत्र्याच्या कडेवर वरून खाली एक सरळ पट्टी टेकवावी आणि पट्टीपासून पत्र्यापर्यंतचे लंब अंतर सर्वांत जास्त जेथे येईल, ते मोजावे. हे माप मिलिमीटरपर्यंत नीट घ्यावे, कारण हिशेबातली सर्वांत मोठी चूक येथूनच येते. मग नाभीय अंतर, म्हणजे पॅराबोलाच्या सर्वांत खोल बिंदूपासून (शिरोबिंदूपासून) नाभीपर्यंतचे अंतर, असे काढावे:

नाभीय अंतर = रुंदी × रुंदी × रुंदी ÷ (१६ × खोली × उंची)

उदाहरणार्थ, रुंदी ६० सेंटीमीटर, उंची ६५ आणि खोली ५.८ सेंटीमीटरच्या किंचित खाली असेल, तर नाभीय अंतर ३६ सेंटीमीटर येते. बहुसंख्य लहान छत्र्यांत पत्र्याची खालची कड मूळ पॅराबोलाच्या शिरोबिंदूजवळ असते, आणि तशी असेल तर पुढचे काम सोपे होते. खालच्या कडेपासून एलएनबीचे अंतर नाभीय अंतराएवढे, म्हणजे ३६ सेंटीमीटर. वरच्या कडेपासूनचे अंतर नाभीय अंतर अधिक रुंदीचा वर्ग भागिले नाभीय अंतराची चौपट, म्हणजे ३६ + ३६०० ÷ १४४ = ६१ सेंटीमीटर. आणि बाजूंची अंतरे या दोहोंच्या मध्ये, म्हणजे प्रत्येकी ४८.५ सेंटीमीटर.

खालची कड खरोखरच शिरोबिंदूवर आहे का, हेही पडताळता येते. उंचीच्या वर्गातून रुंदीचा वर्ग वजा करावा, वर्गमूळ काढावे आणि रुंदीने भागावे. आपल्या उदाहरणात ते २५ ÷ ६०, म्हणजे ०.४२ येते. दुसरीकडे रुंदी भागिले नाभीय अंतराची चौपट, म्हणजे ६० ÷ १४४, हेही ०.४२ येते. दोन्ही आकडे जवळपास समान आले, तर वरची अंतरे वापरावीत. बराच फरक आला, तर एकतर खोलीचे माप चुकले आहे, किंवा त्या छत्रीचा तुकडा पॅराबोलाच्या दुसऱ्या भागातून घेतलेला आहे. मग ही अंतरे लावू नयेत आणि मूळ संचाची दांडी शोधावी.

एलएनबी हलवताना

मोजमापे आणि हिशेब यांत फरक आढळला, तर पकडीचा स्क्रू फक्त एलएनबी सरकेल इतकाच सैल करावा. आताच्या जागेवर दांडीला मार्करने खूण करून ठेवावी, म्हणजे परत येता येते. एकाने बॉक्ससमोर बसून फोनवर आकडा सांगावा आणि दुसऱ्याने छत्रीपाशी काम करावे. बॉक्सचा आकडा दोन-तीन सेकंद उशिरा बदलतो, म्हणून अर्धा सेंटीमीटर सरकवून, हात बाजूला घेऊन थांबावे. तळहात टोपीसमोर असताना आलेला आकडा निरर्थक असतो.

एलएनबीचे तोंड पत्र्याच्या मध्याकडे रोखलेले असावे. पकडीतून तो खाली लोंबत असेल, तर जागा बरोबर असूनही तो अर्धा पत्रा आणि अर्धे आकाश पाहतो. दांडीच लहान किंवा मोठी असेल, तर पत्र्याच्या पट्ट्या जोडून ती लांब करण्याचा उद्योग करू नये. वाऱ्याने जोड हलतो आणि महिनाभरात सगळे पुन्हा करावे लागते.

जागा पक्की झाल्यावर एलएनबी स्वतःभोवती सावकाश फिरवून पाहावा. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसून आग्नेयेला आहे, त्यामुळे आपल्याला त्याच्या लहरींच्या कंपनाची पातळी तिरकी दिसते. ठाण्यासाठी आणि ९३.५ अंशांसाठी भूमितीने हा तिरपेपणा ४५ अंशांच्या आसपास येतो, आणि छत्रीच्या मागे उभे राहून आकाशाकडे पाहिले असता तो घड्याळाच्या उलट दिशेने असतो. येथून सुरुवात करून आकडा सर्वांत वर जाईल तेथे थांबावे. काही चॅनल लागतात आणि काही नाहीत, ही तक्रार पुष्कळदा या पायरीवर मिटते.

पत्रा वाकला आहे का

दोन दोरे घ्यावेत, एक वरपासून खालपर्यंत आणि एक डावीपासून उजवीपर्यंत कडेवर ताणून बांधावा. दोन्ही दोरे जेथे एकमेकांना ओलांडतात, तेथे ते केवळ टेकले पाहिजेत. मध्ये फट असेल किंवा एक दुसऱ्याला दाबत असेल, तर कड एका पातळीत नाही आणि पत्रा पिळला आहे. बोटाएवढा पोचा फारसे नुकसान करत नाही, पूर्ण पत्रा पिळला असेल तर नाभी हा एक बिंदू उरतच नाही आणि एलएनबीसाठी योग्य जागा शोधणे व्यर्थ ठरते. हातोडीने पत्रा सरळ करण्याच्या प्रयत्नातून मला कधी काही निष्पन्न झालेले दिसले नाही. पत्रा बदलावा, आणि बदलताना दांडीसकट बदलावा.

आता दिशा

हे सर्व झाल्यावरच छत्री वळवावी. वरच्या उदाहरणातल्या पत्र्याचा कोन, म्हणजे किरणांची दिशा आणि पत्र्याचे 'तोंड' यांतला फरक, सुमारे २२.६ अंश असतो. त्यामुळे ५७ अंशांवरचा उपग्रह पकडताना पत्रा उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंशच मागे कललेला दिसतो. कोन मोजणारे मोबाइल ॲप पत्र्याच्या कडेला टेकवलेल्या पट्टीवर धरून हे पाहता येते. होकायंत्र मात्र लोखंडी ग्रिलपासून दूर जाऊन पाहावे, ग्रिलजवळ ते काहीही सांगते.

एलएनबी आता नाभीवर असल्यामुळे कळस टोकदार लागेल आणि सहज निसटेल. म्हणून छत्री एका वेळी अंगठ्याच्या नखाएवढीच हलवावी. बोल्ट आवळताना छत्री हमखास थोडी सरकते, तेव्हा दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने, आकड्यावर लक्ष ठेवून आवळावेत.

ज्यांच्याकडे गच्चीवर सहा फुटांची गोल जाळीची जुनी छत्री आहे, त्यांचे गणित सोपे आहे. तीत नाभी बरोबर मध्यासमोर असते आणि नाभीय अंतर = व्यास × व्यास ÷ (१६ × खोली). १८० सेंटीमीटर व्यास आणि २८ सेंटीमीटर खोली असेल, तर सुमारे ७२ सेंटीमीटर. त्याला व्यासाने भागून येणारा ०.४० हा आकडा अशा एलएनबीच्या कड्यावर कोरलेल्या मोजपट्टीशी जुळवून कडे बसवावे. तिन्ही-चारही पायांची लांबी सारखी आहे का, हे आधी पाहावे.

उन्हाने पडताळणी

सूर्य उपग्रहाच्या मागे येण्याचे जे दिवस वर सांगितले, त्या वेळी चित्र जाते, पण एक फायदाही होतो. त्या काही मिनिटांत सूर्यकिरण उपग्रहाच्याच दिशेने येतात, आणि खालची कड शिरोबिंदूवर असलेल्या छत्रीत एलएनबीच्या तोंडाची सावली पत्र्याच्या खालच्या कडेवर, बरोबर मध्यावर पडते. सावली डावीकडे किंवा उजवीकडे पडली, तर काहीतरी बाजूला गेले आहे हे मोजपट्टीशिवाय कळते. पत्र्यावर बोटाच्या नखाएवढे दोन-चार आरशाचे तुकडे चिकटवून त्यांचे कवडसे कोठे जमतात, हेही पाहता येते. संपूर्ण पत्र्यावर चंदेरी कागद मात्र कदापि लावू नये. एलएनबीची टोपी वितळते, आणि त्या बिंदूजवळ चेहरा किंवा हात गेल्यास भाजते. कवडशांकडे थेट पाहू नये.

कधी थांबावे

छत्री खिडकीबाहेरच्या छज्जावर, ग्रिलच्या बाहेर किंवा गच्चीच्या कठड्यापलीकडे असेल, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कमरेच्या वरचा भाग बाहेर काढावा लागत असेल, तर वरीलपैकी एकही तपासणी स्वतः करू नये. मोजमाप राहिले तरी चालेल. पाऊस, विजांचा कडकडाट किंवा जोराचा वारा असताना गच्चीवर जाऊ नये, आणि छत्रीजवळून विजेची तार जात असेल, तर कोणत्याही हवामानात जाऊ नये. भिंतीतील अँकर बोल्ट हलत असेल किंवा त्याच्याभोवतीचे प्लास्टर सुटले असेल, तर ते काम प्रथम, आणि ते योग्य माणसाकडूनच करून घ्यावे. सहाव्या मजल्यावरून पडलेली छत्री खाली कोणावर पडेल, हे सांगता येत नाही.

संच कंपनीच्या मालकीचा असेल किंवा वॉरंटीत असेल, तर एलएनबी उघडू नये. नवीन कनेक्टर, चांगली केबल, मोजून बरोबर आलेली अंतरे आणि सपाट कड इतके सगळे असूनही आकडा वर जात नसेल, तर एलएनबी किंवा बॉक्सचा ट्यूनर बिघडला असण्याचा संभव आहे, आणि ते ठरवायला दुसरा चालू एलएनबी आणि सिग्नल मीटर लागतो. असा माणूस बोलावल्यावर त्याला फक्त 'चित्र येत नाही' असे न सांगता पत्र्याची रुंदी, उंची, खोली आणि चारही दोऱ्यांची अंतरे कागदावर लिहून द्यावीत. त्याने छत्री वळवायला सुरुवात केली, तर आधी दांडी मोजून पाहण्याची विनंती करावी, आणि भाग बदलायचा झाल्यास पत्रा, दांडी व पकड एकाच संचातली मागावी.